विनिपेगमधली जास्वंद

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार, आष्टी

डॉक्टर म्हणले, गोळी चालू ठेवा, अन् राग आला की बोलायच्या ऐवजी लिहून काढत जा. अंगणवाडीत उभं आयुष्य रजिस्टरं भरण्यात गेलं, त्यामुळं लिहायचा कंटाळा न्हाई. मालक तर खूशच झाले. म्हणले, चांगली जाडजूड वही आणू का? आमच्या मालकांना गाव काकासाहेब म्हणतं अन् शांत माणूस म्हणून नावाजतं. ते शांत न्हाईत, गप्प आहेत. दोन्हीतला फरक संसार केलेल्या बाईला विचारावा.

आजचा राग जास्वंदीचा. आमची एकुलती एक लेक अर्पिता कॅनडात विनिपेग नावाच्या गावात राहती. लग्नाला सहा वर्षं झाली. या उन्हाळ्यात तीन महिने मी तिच्याकडं राहून आले. बघते तर काय, देवाला प्लास्टिकचं फूल. मी दुसऱ्याच दिवशी तिला दुकानात नेलं अन् लाल जास्वंदीची कुंडी आणायला लावली. दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीपाशी ठेवली. रोज फूल. जावईबापू राधेश्याम तर म्हणले, आई, तुम्ही आल्यापासून घरात जीव आला. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा न्हाई. मी शोधला.

निघताना अर्पिताला सांगून आले, की गणपतीच्या आंघोळीचं पाणी सिंकमध्ये ओतायचं न्हाई, ते कुंडीत. रोज. अन् माघातल्या चौथीला याच झाडाचं फूल तिनं आपल्या हातानं, आपल्या घरात गणपतीला वाह्यचं. तसं मी राजूरच्या गणपतीला बोलून ठेवलंय. ते फूल वाह्यलं गेलं की वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे, मंग मी लेकरू घेऊन जालन्यापासून राजूरला पायी येईन. अर्पिताला हे माहीत आहे. ऐकून ती काही बोलली न्हाई, लाजली असंल.

अन् आज फोनवर काय म्हणती? थंडी सुरू झाली, दुकानातली बाई म्हणली की झाड छाटा, थंड अंधाऱ्या जागी ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा घोटभर पाणी द्या, मार्चपर्यंत झोपू द्या. झाड झोपवायचं म्हणे. मी म्हणले, त्या बाईला सांग आमच्या दारातली जास्वंद बारा महिने उभी आहे, तिला कोणी अंगाई म्हणत न्हाई. अन् चौथ जानेवारीत आहे. मार्चमध्ये उठून काय करायचंय तिला?


२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. पाडव्याला व्हिडिओ कॉल केला. जावईबापू दोन मिनिटं आले, नमस्कार आई, तब्येत सांभाळा, सगळं बराबर बोलले. मंग कामाला गेले. पाडव्याला पण काम. अर्पिताच्या अंगावर साधा ड्रेस होता, म्हणून बोलले. म्हणली, आई, इथं आज सुट्टी नसती.

जास्वंदीची पानं पिवळी पडून गळू राह्यली. पानांच्या मागं पांढरी माशी दिसली. कपाशीवर येती तीच, कॅनडात पण पोचली. मी म्हणले, चुलीतली राख टाक. म्हणली, आई, इथं चूल कुठली. मालक मागून म्हणले, साबणाच्या पाण्यानं पानं पूस. त्यांचं लगेच ऐकलं. माझं सांगणं म्हणजे हिला कायम अवघड असतं.


९ नोव्हेंबर, रविवार

मालकांना नवीन खूळ लागलंय. सकाळी उजाडलं न उजाडलं की शेतात. हरभऱ्याला हरणं येतात म्हणे. हरभरा अजून बोटभर झाला न्हाई. अन् जाताना फोन पूर्ण चार्ज पाहिजे. मी म्हणले, हरणांना फोन लावता का? म्हणले, तिथं रेंज चांगली आहे. कधी न्हाई ते या माणसाला रेंज लागायली.

शेजारच्या द्वारकाबाईच्या सुनेला दुसरा मुलगा झाला. बारशाला गेल्ते. पेढा हातात ठेवता ठेवता विचारलंच, अर्पिताचं काही? मी म्हणले, तिकडं लोक उशिरानंच करतात. घरी येऊन पेढा गाईला घातला.


१७ नोव्हेंबर, सोमवार

आज माझं डोकं ठिकाणावर न्हाई. रोज झाडाचा फोटो पाठवायचा असा नेम मी लावून दिलाय. दोन दिवस आला न्हाई. आज आला तर पानं काळी, उकडलेल्या पालकासारखी लोंबलेली. मी फोन लावला. तिकडची संध्याकाळ होती. म्हणली, खिडकी उघडी राह्यली, बाहेर उणे बारा होतं, गारठा लागला.

खिडकी उघडी राहतीच कशी? मी बोल बोल बोलले. म्हणले, एक कुंडी सांभाळता येत न्हाई, उद्या लेकरू सांभाळायला लागलं तर काय करशील? जावयाला काय वाटलं असंल? ती म्हणली, त्याला काही वाटलं न्हाई. मी म्हणले, तो चांगला आहे म्हणून. तर फोनच कट झाला. रेंज गेली असंल.

मालक समोर बसून सगळं ऐकत होते. ताटावरून अर्धं जेवण टाकून उठले. मी म्हणले, भाजी खारट झाली का? म्हणले, न्हाई, बराबर आहे.


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

इतके दिवस नुसतं झाडच जवळून दिसायचं, आज फोटोत जागा बदललेली दिसली. मोठी खिडकी न्हाई. आता भिंतीच्या वरच्या अंगाला हातभर लांबीची खिडकी आहे, तिच्यातून बर्फच दिसतं. खाली फरशीवर कुंडी, शेजारी कपडे धुवायची मशीन. विचारलं तर म्हणली, वर हिटरचं काम चालू आहे, म्हणून तळघरात आणलं. मी म्हणले, काम किती दिवस चालतं? म्हणली, चालंल अजून.

मला तर हा त्या दुकानवालीचाच डाव वाटतो. झाड झोपवायचं म्हणून हिनं गुपचूप अंधारात नेऊन ठेवलं अन् मला हिटरचं सांगू राह्यली. मी तिची आई आहे, मला कळत न्हाई का?

गणपती कुठाय म्हणून विचारलं. म्हणली, वर आहे. मी म्हणले, मंग पाणी वरून खाली आणावं लागत असंल. म्हणली, हो, आणते.

जावईबापू फोनवर आले न्हाईत. रात्रपाळी. मी अर्पिताला बजावलं, रात्रपाळीच्या माणसाला सकाळी गरम जेवण लागतं, नुसता ब्रेड ठेवत जाऊ नको समोर. ती हो म्हणली.


११ डिसेंबर, गुरुवार

आष्टीत पण कडाक्याची थंडी पडलीय. चौकात शेकोट्या पेटल्या. आमच्या दारच्या जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळून पडू राह्यल्या, मी तिच्यावर पोत्यांचं पांघरूण घातलं. मालक म्हणले, आपल्याच झाडाचे हे हाल, तर त्या लेकीच्या झाडाचं काय घेऊन बसलीस? मी म्हणले, म्हणूनच जास्त घेऊन बसले.

आज पुन्हा पाण्यावरून वाजलं. ती म्हणती, माती वाळतच न्हाई, पानं न्हाईत तर झाड पाणी पिणार कुठून, रोज घातलं तर मुळ्या कुजतील. मी म्हणले, ते साधं पाणी न्हाई. देवाच्या अंगावरून आलेल्या पाण्यानं मुळ्या कुजल्याचं मी आजवर ऐकलं न्हाई. माझा विश्वास बसंना म्हणून सांगितलं, पाणी घालतानाचा व्हिडिओ पाठवत जा. मंग म्हणली, बरं.


१२ डिसेंबर, शुक्रवार

व्हिडिओ आला. तांब्या न्हाई, चहाच्या कपानं घालू राह्यली. मी काही बोलले न्हाई. एवढं तरी ऐकलं.


२६ डिसेंबर, शुक्रवार

एक पान उरलं न्हाई. नुसत्या काड्या. मी म्हणले, फांदीला नख लावून बघ, आत हिरवं दिसतं का. तिनं फोन समोर धरून नख लावलं. शेंड्याला तपकिरी. मधे तपकिरी. मी म्हणले, अजून खाली. अजून खाली. बुडाशी नख लावलं तर साल ओली होऊन हातातच आली. ती म्हणली, आई, बास आता. मी म्हणले, रोज पाणी चालू ठेव, फुटंल.

लेक लय वाळलीय. गालाची हाडं दिसू राह्यली. मी म्हणले, डाएट करती का? असल्यानं दिवस राहत नसतात. तिनं कॅमेरा झाडाकडं फिरवला.


६ जानेवारी २०२६, मंगळवार

अंगारकी. गल्लीतल्या बाया जीप करून राजूरला गेल्तो. मालकांना चला म्हणले तर म्हणले, तू जाऊन ये. रांगेत पायांचे तुकडे पडले. गाभाऱ्यात पोचले तर मागून लोटालोटी, पुजारी चला चला म्हणायला लागला. एवढ्या घाईत काय बोलणार? एक कोंब फुटू दे, एवढंच म्हणले. लेकीसाठी काही मागायचं राह्यलंच, पण झाडात ते आलंच की.

येताना द्वारकाबाई जीपमध्ये म्हणल्या, आमच्या पाहुण्यात एकीनं जालन्यात ट्रीटमेंट घेतली, अर्पिताला बोलावून घ्या. सगळ्या जीपसमोर. मी खिडकीबाहेर तोंड करून बसले.


१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत झाली. रथसप्तमीला हळदीकुंकू आपल्याकडं ठेवलंय. वाणाला स्टीलच्या छोट्या डब्या आणल्या.

मालकांवर आज फार चिडले. मी म्हणले, चौथ आठ दिवसांवर आली अन् झाडाला कोंब न्हाई. तुम्ही बाप आहात, तिला एका शब्दानं बोलत न्हाई. तर हा माणूस म्हणतो, दैवशाला, तिला झाडाचं विचारू नको आता.

"मंग काय विचारू?"

"तिचं विचार."

"तिचं काय विचारायचं? ती बरीच आहे की."

मालक उठले, टोपी घातली अन् बाहेर गेले. भर दुपारी कुठली हरणं येतात देव जाणे.


१९ जानेवारी, सोमवार

भांडी तशीच ठेवून लिहायला बसले. डॉक्टरनी यासाठीच सांगितलं असंल.

सकाळी थंडी फार होती अन् मालक स्वेटर विसरून शेतात गेल्ते. मला दया आली. थर्मासात चहा भरला, स्वेटर घेतला अन् निघाले. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं मालक दगडावर बसलेले, फोन समोर धरलेला. मला वाटलं क्रिकेट. जवळ गेले तर अर्पिताचा आवाज. ती रडून राह्यली होती. अन् हा गप्प माणूस, ज्याच्या तोंडातून घरी चार शब्द निघत न्हाईत, तो बोलत होता. "सही घाईनं करू नको बेटा. वकिलाला आधी वाचू दे. अन् आईचं मी बघतो."

मी म्हणले, आईचं काय बघता?

मालक उठून उभेच राह्यले. फोन मी हातातून घेतला. अर्पितानं डोळे पुसले, पण आता काय पुसून उपयोग. मी म्हणले, सांग. तिनं सांगितलं.

ती नवऱ्याचं घर सोडून नोव्हेंबरपासून वेगळी राह्यलीय. ते तळघर तिच्या घराचं न्हाई, तेच तिचं घर आहे. एक खोली, भाड्याची. हिटरचं काम न्हाई, रात्रपाळी न्हाई. मी विचारलं, मारलं का त्यानं? म्हणली, न्हाई. दारू? न्हाई. मंग? म्हणली, तो बोलत न्हाई आई. चार वर्षं झाली. एका घरात राहून एक शब्द न्हाई. काही पाहिजे असलं तर फोनवर मेसेज टाकायचा, बाजूच्या खोलीतून. झोपणं पण वेगळं. तू आलीस ते तीन महिने तेवढे तो बोलला, तुझ्यासमोर. मला वाटलं आता सुधरला. तुला विमानतळावर सोडून येताना गाडीतच पुन्हा बंद झाला.

चार वर्षं. अन् मी राजूरला पाळणा मागून राह्यले.

मला राग आला, कोणाचा ते कळंना, म्हणून तिच्यावरच काढला. म्हणले, तुझ्या अण्णांना दिवाळीपासून माहीत, मला का न्हाई सांगितलं? तर म्हणली, तुला सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, माणसाचा स्वभाव असतो, थोडं सांभाळून घे. मी तोंड उघडलं अन् मिटलं. तेच म्हणायला उघडलं होतं.

मंग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, निघाली कशी? सामान काय आणलं? म्हणली, तो कामावर गेल्यावर दुपारी निघाले. टॅक्सी मिळाली न्हाई, बसनं आले, पुढं चालत. बाहेर उणे बारा. दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. एक आणली.

"अन् दुसरी?"

"राह्यली तिथंच. सर्टिफिकेटं, तू केलेल्या बांगड्या, गरम कपडे, सगळं तिच्यात होतं. नंतर त्यानं दार उघडलं न्हाई."

"अगं मंग दोन्ही का न्हाई आणल्या?"

मालक माझ्याकडं बघू राह्यले. त्यांना माहीत होतं.

"दुसऱ्या हातात कुंडी होती, आई."

कमरेवर घेतली होती म्हणली, घागर घेतात तशी. अंगावरची शाल काढून झाडाला गुंडाळली, तरी पानं काळी पडली. मी म्हणले, अर्पे, झाड कशाला आणलं, आग लागली होती का त्या झाडाला? तर म्हणली, तू रोज फोटो मागत होतीस. झाड दिसायचंच बंद झालं असतं, तर तू सगळं विचारलं असतंस. झाड दिसत राह्यलं की तू दुसरं काही विचारत न्हाईस.

गणपती पण तिथंच राह्यला. ती रोज नळाचंच पाणी घालत होती, चहाच्या कपानं, व्हिडिओ काढून. दुकानवालीचं ऐकलं असतं तर बुडातून तरी जगलं असतं म्हणे. मी घालायला लावलं म्हणून घातलं.

स्वेटर माझ्या हातातच राह्यला. चहा पण कोणी घेतला न्हाई.


२० जानेवारी, मंगळवार

मालकांशी बोलले न्हाई. जेवायला वाढलं, बोलले न्हाई. संध्याकाळी डोक्यात आलं की हेच तर तो करत होता. मंग बोलले. म्हणले, गूळ संपलाय.


२२ जानेवारी, गुरुवार

माघी चौथ. पोत्याखालच्या झाडाला एक फूल आलं होतं. गणपतीला वाह्यलं. बोललेलं मोडलं म्हणून माफी मागावी की ज्यासाठी बोलले होते त्याची मागावी, ठरवता आलं न्हाई, म्हणून नुसता हात जोडला. नवस फिरवता येतो का ते गुरवाला विचारायचं होतं, पण त्याला काय सांगणार?

अर्पिताला फोन केला न्हाई. काय बोलायचं ते सुचंना. सहा वर्षांत मी तिच्याशी झाडाशिवाय, लेकराशिवाय, जावयाशिवाय काय बोलले ते आठवत बसले. फोटो आज पण आला. नेमानं. कुंडीत काड्या.


२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. हळदीकुंकू झालं. सकाळी मालक म्हणले, या वर्षी राहू दे का? मी म्हणले, डब्या आणल्यात, काय करू त्यांचं?

तिसरा प्रहर सरायला बाया आल्या. अंगण भरलं. मी कुंकू लावत, डबी देत पुढं सरकत होते. द्वारकाबाईपाशी आले. त्यांनी कपाळ पुढं केलं अन् म्हणल्या, दैवशालाबाई, पुढच्या संक्रांतीला नातवाचं बोरनहाण आपण इथंच करू. मनापासून म्हणल्या, मला माहीत आहे. त्यांचा स्वभाव वाईट न्हाई.

माझं बोट करंड्यातच राह्यलं. मी म्हणले, द्वारकाबाई, माझी लेक नवऱ्याला सोडून वेगळी राहती. नोकरी करती. काडीमोड होईल. नातवाचं मला पुन्हा विचारू नका.

मालक ओसरीवर पेपर वाचत होते, त्यांच्या हातातला पेपर खाली आला. शेवटच्या ओळीतल्या कांताबाईंना कमी ऐकू येतं. त्या म्हणल्या, काय झालं? सुनेनं कानात सांगितलं. कांताबाई म्हणल्या, बरं झालं, अन् तिळगुळासाठी हात पुढं केला. मंग बाकीच्यांनी पण घेतलं. मी द्वारकाबाईला कुंकू लावलं. बोट जरा तिरपं लागलं.

सगळ्या गेल्यावर भांडी आवरायच्या आधी अर्पिताला फोन लावला. तिकडं सकाळ होती. तिनं उचलल्या उचलल्या कॅमेरा कुंडीकडं फिरवला. मी म्हणले, इकडं कर. तोंडाकडं. केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले, मागं ती हातभर खिडकी. बघत राह्यले जरा वेळ. मी तिला सांगितलं, आज सगळ्या बायांसमोर बोलून टाकलं.

ती घाबरली. "काय म्हणल्या बाया?"

"काय म्हणतील? वाण घेऊन घरी गेल्या."

तिनं केस मागं सारले. मंग हळू विचारलं, आई, झाडाचं काय करू?

"फेकून दे."

"फेकू?"

"फेक. अन् उद्यापासून फोटो तुझा पाठव."